बाई म्हणून की जातीमुळे? तक्रार लिहिण्याआधी

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं उत्तर वाचताना धागा लागेल.

विचारणारी अठ्ठावीस वर्षांची आहे. घर कोल्हापूरच्या सुभाषनगरात. वडील आणि काका कोल्हापुरी चपला करतात, आई आणि काकू वेण्या घालतात. दोन वर्षांपूर्वी तिनं घरच्या चपला ऑनलाइन विकायला सुरुवात केली, कंपनी नोंदवली आणि एका स्टार्टअप केंद्राच्या तुकडीत तिची निवड झाली. तिथं नेमून दिलेला मार्गदर्शकच पुढं पैसे घालणार होता. हळूहळू बैठका केंद्रातून हॉटेलात गेल्या, मेसेज रात्री साडेअकराला येऊ लागले आणि एकदा गाडीत त्यानं तिचा हात धरून ठेवला. तिनं स्पष्ट नाही म्हटलं. त्यानंतर एका प्रदर्शनात, स्टॉलवर चार गिऱ्हाइकं उभी असताना, तो म्हणाला, "ह्यांच्या लोकांना कितीबी वर काढा, शेवटी पायताणाजवळच येणार." महिन्याभरात माल घ्यायचं कबूल केलेल्या दोन दुकानदारांनी फोन उचलणं बंद केलं. तुकडीत तिची एक मैत्रीण आहे, मराठा घरातली, वडिलांची शिरोलीत फाउंड्री. ती म्हणाली, "सर माझ्याशी तर कधीच असं वागले नाहीत."

तिचे प्रश्न तीन. हे मी बाई म्हणून झालं की चर्मकार समाजाची म्हणून? मैत्रिणीला जे आलं नाही ते माझ्याच वाट्याला आलं, मग माझंच काही चुकलं का? आणि मी कुणाची नोकर नाही, तर तक्रार करायची कुठं?

ताई, मी एकवीस वर्षं कोल्हापुरात वकिली करते आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण झोप उडवणारा प्रश्न तो आहे. नाही, तुमचं काहीही चुकलेलं नाही. हॉटेलात बैठकीला गेलात हे चुकलं नाही. पहिल्या मेसेजला "हो सर" असं उत्तर दिलंत हेही चुकलं नाही. पैसे घालणाऱ्या माणसाला नवीन उद्योजक असंच उत्तर देतो, पुरुष असला तरी.

मैत्रीण जे म्हणाली ते तुम्हाला तुमच्याविरुद्ध वाटतंय. मला ते तुमच्या बाजूचं वाटतं. त्या माणसाला नीट वागता येतं, हे त्यातून सिद्ध होतं. कुणाशी नीट वागायचं आणि कुणाशी नाही, हे तो निवडतो. म्हणून मैत्रिणीशी भांडू नका, तिच्याकडून लिहून घ्या. त्यानं तिच्याबरोबरच्या बैठका कुठं घेतल्या, किती वाजता मेसेज केले, तिला काय म्हणून हाक मारली.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते. तुम्ही मला तुमच्या दोघींचे मेसेज दाखवलेत. तिला तो "मॅडम, तुम्ही उद्या याल का" असं लिहितो. तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून "अगं, ये उद्या". तुकडी तीच, वयही जवळजवळ तेच. तिला तुम्ही आणि तुम्हाला अगं. आपल्या भाषेत माणूस समोरच्याला कुठं बसवतो ते क्रियापदातच कळतं, आणि हा पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवला आहे. हा फरक समितीपुढं मांडला की "मी सगळ्यांशीच मोकळा वागतो" हा बचाव उभा राहत नाही. मी अनेक चौकश्यांत हाच बचाव ऐकला आहे, आणि तक्ता करून दोन बायकांचे मेसेज शेजारी शेजारी ठेवल्यावर तो विरताना पाहिला आहे.

आता पहिला प्रश्न. बाई म्हणून की जातीमुळे? दोन्ही एकत्र, आणि ते सोडवून वेगळं करता येणारं नाही. असा माणूस जवळ येण्याआधी एक हिशोब करतो. हिच्या मागं कोण आहे? हिनं आवाज केला तर मला कुणाचा फोन येईल? मैत्रिणीच्या वडिलांना बँकेचा मॅनेजर ओळखतो, व्यापारी चेंबरमधली माणसं ओळखतात. तिचे पैसे याच्याकडून आले नाहीत तर दुसरीकडून येतील. तुमच्या घरात रापी आणि आरी चालवणारे उत्तम हात आहेत, पण तारण ठेवायला जागा नाही आणि धंद्यात चार मोठ्या ओळखी नाहीत. तुम्हाला तो एकच दरवाजा दिसत होता आणि त्याला ते माहीत होतं. म्हणजे स्टॉलवर जातीचा उद्धार करण्याच्या किती आधी जात त्या हिशोबात बसली होती. ओळखी आणि तारण पिढ्यान्‌पिढ्या कुणाकडं साठले आणि कुणाकडं साठू दिले नाहीत, त्याचाच तो हिशोब आहे.

हे फक्त आपल्याकडं घडतं असं नाही. अमेरिकेत जातीच्या जागी वंश येतो. तिथं २०१७ च्या जूनमध्ये बायनरी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीच्या जस्टिन काल्डबेकविरुद्ध सहा स्त्रियांनी तोंड उघडलं. स्वतःच्या नावानिशी पुढं आलेल्या तिघी, निनिआन वँग, सुझन हो आणि लेटी ह्सू, आशियाई वंशाच्या उद्योजिका होत्या. त्यानं माफी मागितली, पद सोडलं. तुमच्यासारखीच त्यांचीही अडचण होती, त्या कुणाच्या नोकर नव्हत्या. पैसे मागायला गेलेली बाई कुठल्या नियमात बसते, हे स्पष्ट नव्हतं. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियानं आपल्या कायद्यात गुंतवणूकदार हा शब्द नाव घेऊन घातला.

आणि "दोन्हींपैकी एक निवड" हा आग्रहही जुना आहे. अमेरिकेतच जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या, त्याचा निकाल १९७६ मध्ये लागला. १९६४ च्या आधी त्या कंपनीनं कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलंच नव्हतं. त्यामुळं पुढं कपात आली तेव्हा सेवाज्येष्ठतेच्या नियमानं पहिल्यांदा याच बाहेर पडल्या. न्यायालय म्हणालं, स्त्री म्हणून दावा करा किंवा वंशावरून करा, दोन्ही मिसळून वेगळा वर्ग करता येणार नाही. कंपनीत बायका होत्या, त्या गोऱ्या, कार्यालयात. कृष्णवर्णीय होते, ते पुरुष, कारखान्यात. या पाचजणी मधल्या फटीत पडल्या. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ मध्ये याच खटल्यावर बोट ठेवून सांगितलं की दोन रस्ते मिळतात त्या चौकात उभ्या असलेल्या बाईला धक्का कुठल्या गाडीचा बसला असं विचारत बसू नका.

आपल्याकडं तर लैंगिक छळाच्या कायद्याचं मूळच अशा चौकात आहे. राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरीदेवी कुंभार समाजाच्या. सरकारी कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करताना त्यांनी वरच्या समजल्या जाणाऱ्या घरातला बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींना त्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, असा तर्क त्या निकालात होता. त्या संतापातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा झाला. त्या कायद्यात लैंगिक छळाची व्याख्या सविस्तर आहे, पण तिच्यात जातीचा उल्लेख नाही. जात येते ती एकाच कोपऱ्यात. जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर एक तरी सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली स्त्री असली पाहिजे, असं कलम ७ सांगतं. संस्थांच्या अंतर्गत समित्यांना असं काही बंधन नाही. तुमची तक्रार कुठं न्यायची हे ठरवताना हा फरक माझ्या डोक्यात असतो.

आता मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण या उत्तराचं मूळ तिथं आहे.

काही वर्षांपूर्वी एका खाजगी संस्थेच्या जागेत आपला छोटा छपाईचा धंदा चालवणारी एक मुलगी माझ्याकडं आली होती, बौद्ध घरातली. संस्थेच्या व्यवस्थापकानं तिला त्रास दिला होता. तिनं सगळं सांगितलं, त्यात एक वाक्य असंही होतं, "तो माझ्या कपातला चहा घ्यायचा नाही, पण माझ्या खांद्यावर हात मात्र ठेवायचा." मी म्हणाले, चहाचं राहू दे, ते सिद्ध करणं अवघड, विषय पसरेल, आपण लैंगिक छळाचंच लिहू. मी मराठा घरात वाढले. माझ्या हातचा चहाचा कप कुणी कधी नाकारला नाही, म्हणून त्या वाक्याचं वजन मला कळलंच नाही. तक्रार माझ्या सांगण्याप्रमाणं गेली. समितीत व्यवस्थापकाच्या बाजूनं मांडणी झाली की दोघांत मैत्री होती, ती फिसकटली. तिचा कप न उचलणारा माणूस तिचा मित्र कसा असेल, हा एकच सवाल सगळा बचाव मोडून टाकणारा होता, आणि तो मी तक्रारीबाहेर ठेवला होता. चौकशीच्या मध्यावर तिनं ते सांगितलं तेव्हा समोरचे म्हणाले, ही पश्चातबुद्धी. पोलिसांकडं पुरवणी जबाब दिला तिथंही तेच ऐकावं लागलं. तिनं नंतर ती जागा सोडली. मला अजून त्या कपाची आठवण आली की बरं वाटत नाही.

म्हणून ताई, तुमच्या तक्रारीत पहिल्या दिवसापासून दोन्ही असलं पाहिजे. जसं घडलं तसं, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं. तुम्हाला एक निवडायला लावणारे पुष्कळ भेटतील. ठाण्यात म्हणतील विनयभंग लिहू, ॲट्रॉसिटीच्या भानगडीत कशाला. संघटनेतले काही म्हणतील ॲट्रॉसिटीच लिहा, हात धरल्याचं सांगून समाजाची अब्रू कशाला काढता. दोघांनाही शांतपणे सांगा की घटना एक आहे.

तिसरा प्रश्न, कुठं जायचं. २०१३ च्या कायद्यात पीडित स्त्रीची व्याख्या वाचा. कामाच्या ठिकाणाच्या संदर्भात कुठल्याही वयाची स्त्री, "नोकरीत असो वा नसो". त्यामुळं तुम्ही नोकर नाही एवढ्यानं दार बंद होत नाही. ते स्टार्टअप केंद्र हे कामाचं ठिकाण आहे, मार्गदर्शक त्यांनी नेमला, ओळख त्यांच्या कार्यक्रमात झाली. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं मिळतो. हॉटेल आणि गाडी याबद्दल समोरचा वाद घालेल की ते केंद्राच्या आवारात नाही. कामानिमित्त गेलेली जागा आणि त्यासाठीचा प्रवास यांवरही कायदा बोलतो, पण तुम्ही नोकर नसल्यानं इथं खेचाखेच होईल, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून बैठक कशासाठी होती ते दाखवणारा प्रत्येक मेसेज जपा. "उद्या टर्मशीटवर बोलू", म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यावर, असं लिहून बोलावलं असेल तर ती कामाची बैठक आहे.

मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. मधे समेटाचा विषय निघेल. तो तुम्ही मागितला तरच होऊ शकतो, आणि पैसे घेऊन समेट कायद्याला मान्य नाही. गुंतवणुकीची रक्कम लवकर सोडतो, तक्रार मागं घ्या, असं कुणी सुचवलं तर ते लेखी मागा. लेखी कुणी देत नाही, आणि ते न देणंही नोंदवून ठेवा. तुम्ही फौजदारी फिर्याद द्यायचं ठरवलंत तर त्यासाठी मदत करणं हे कलम १९ प्रमाणं त्या ठिकाणच्या मालकाचं कर्तव्य आहे. केंद्राला हे माहीत नसतं, त्यांना कलम दाखवा.

समिती फार तर त्याला केंद्रातून काढायची शिफारस करेल. गुन्ह्यासाठी पोलीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात लैंगिक छळ कलम ७५, पाठलाग ७८. आणि तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. त्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. लोकांना वाटतं जातीवाचक शिवी दिली तरच ॲट्रॉसिटी लागते. हा गैरसमज ठाण्यातसुद्धा सापडतो. कलम ३(१)(डब्ल्यू) वाचा. स्त्री अनुसूचित जातीची आहे हे माहीत असताना तिच्या संमतीशिवाय लैंगिक हेतूनं स्पर्श करणं, किंवा तसे शब्द, हावभाव करणं, हा गुन्हा आहे. तोंडातून जात निघायची गरज नाही, माहीत असणं पुरेसं. आणि माहीत होतं का, तर तुमच्या बाबतीत त्याचं उत्तर कागदावर आहे. स्टँड-अप इंडिया या सरकारी योजनेच्या कर्जाच्या फाइलला तुम्ही जातीचा दाखला जोडला होता, आणि ती फाइल त्यानंच तपासून "छान, पूर्ण आहे" असा मेल केला. तो मेल आजच छापून घ्या. शिवाय आरोपीची तुमच्याशी किंवा घरच्यांशी वैयक्तिक ओळख असेल तर जात माहीत होती असंच न्यायालय गृहीत धरतं, कलम ८ मध्ये तशी तरतूद आहे. उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर.

माहीत असणं आणि कारण असणं यातला हा फरक एका मोठ्या निकालात दिसतो. आंध्रातल्या एका अंध दलित मुलीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात, पाटण जमाल वली प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये जात, लिंग आणि अपंगत्व एकमेकांत कसे गुंततात यावर फार समजून लिहिलं. तरीही ॲट्रॉसिटीखालची शिक्षा टिकली नाही, कारण घटना दुरुस्तीच्या आधीची होती आणि तेव्हा जात हेच कारण होतं हे सिद्ध करावं लागायचं. समजूत आली, पण त्या मुलीला तिचा उपयोग झाला नाही. तुमची घटना दुरुस्तीनंतरची आहे.

स्टॉलवरचं बोलणं वेगळ्या कलमात जातं. अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे, चार भिंतींच्या आतला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून स्टॉलवर कोण उभं होतं ते महत्त्वाचं. बिलबुकात त्या तासातल्या गिऱ्हाइकांची नावं असतील. शेजारच्या स्टॉलवाल्या ताईंना आत्ताच विचारा, सहा महिन्यांनी त्यांना शब्द आठवणार नाहीत. आणि एक विनंती. गाडीत त्यानं जातीचं काही म्हटलं नव्हतं, तर तसं लिहू नका. कुणी सुचवेल की घाला, केस पक्की होईल. एक खोटं वाक्य सापडलं तर बाकीची दहा खरी वाक्यं त्याच्याबरोबर जातात, आणि "गैरवापर" म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. तुमची खरी हकिगत पुरेशी आहे.

आता दुकानदार. हा भाग लोक "धंद्यात होतं असं" म्हणून सोडून देतात. सोडू नका. २०१५ च्या दुरुस्तीनं आर्थिक बहिष्कार हा शब्द कायद्यात आणला. धंदा करायला नकार देणं, नेहमीच्या व्यवहारात जे केलं जातं ते करायचं टाळणं, व्यावसायिक संबंध तोडणं, हे सगळं व्याख्येत आहे, आणि असा बहिष्कार घालणं किंवा धमकावणं कलम ३(१)(झेडसी) खाली गुन्हा आहे. दोघांपैकी एका दुकानदारानं तुमच्या काकांना सांगितलं ना, "साहेबांचा फोन आला होता"? तो फोन कधी आला, काय म्हणाले, हे त्याच्याकडून काढा. तो उघड साक्ष देणार नाही कदाचित, पण जुनी ऑर्डर, तिचा ॲडव्हान्स आणि नंतरचं मौन यांच्या तारखा बोलतात.

कोल्हापूरला हे नवीन नाही. गंगाराम कांबळेंची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. संस्थानच्या नोकरीत असताना सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना धंदा काढायला बळ दिलं, आणि भाऊसिंगजी रोडला त्यांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. गिऱ्हाईक कोण येणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पीत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजत. नोकरीतल्या राखीव जागांचा १९०२ चा हुकूम सगळ्यांना माहीत असतो. मला हा चहा जास्त मोलाचा वाटतो. माणसाला धंद्यातून उठवायचं तर गिऱ्हाईक तोडलं की पुरतं, हे त्यांनी ओळखलं होतं. १९१९ मध्ये त्यांनीच स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. आज दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या संस्थांनी तुमचा माल आपल्या कार्यक्रमांसाठी घेतला, तर मला तो हार जास्त खरा वाटेल. हे मी त्यांना सांगणारही आहे.

दुसऱ्या बायकांविषयी थोडं, कारण हे उत्तर वाचणाऱ्या सगळ्या तुमच्या जागी नसतील. वरच्या समजल्या जाणाऱ्या घरातली उद्योजिका सुरक्षित असते असं नाही. तिच्या बाबतीत त्रास देणारा बहुतेक वेळा घरच्या वर्तुळातलाच असतो, भावकीतला, वडिलांचा भागीदार. तिनं तोंड उघडलं की घराण्याची इज्जत पुढं येते आणि कारखान्याच्या किल्ल्या काढून घेतल्या जातात. मुस्लिम उद्योजिकेच्या पेजवर धर्म आणि शरीर एकाच वाक्यात येतात. २०२१ आणि २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो "लिलावात" लावणारी ॲप निघाली, तेव्हा घरून डबे पुरवणाऱ्या माझ्या एका अशीलानं स्वतःचा फोटो धंद्याच्या पेजवरून काढला आणि पुन्हा कधी लावला नाही. राजारामपुरीत ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मणिपूरच्या मुलीला चेहऱ्यावरून "रेट" विचारणारे फोन येतात. दिल्लीत २०१४ मध्ये अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याचा जीव गेल्यावर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं वांशिक अपमानासाठी दंडविधानात वेगळी कलमं सुचवली होती. ती अजून आलेली नाहीत. या तिघींना तुमचं ॲट्रॉसिटीचं कलम जसंच्या तसं उपयोगी पडेलच असं नाही, पण जे घडलं ते पूर्ण लिहायचं हे त्यांनाही लागू आहे.

पुराव्याबद्दल. चॅट एक्स्पोर्ट करा, पण मूळ फोन बदलू नका, विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट कापून फक्त त्याची वाक्यं ठेवू नका, तुमची उत्तरंही राहू द्या, लाज वाटली तरी. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते मी करून देईन.

आणि पुराव्याइतकंच निकडीचं दुसरं काम आज संध्याकाळी करा. तुमच्या धंद्याचे ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतात ते तपासा. जीएसटी, उद्यम नोंदणी, बँक, वेबसाइटचं डोमेन, इन्स्टाग्राम. तुम्ही म्हणालात सुरुवातीला सेटअप "सरांच्या ऑफिसातल्या मुलानं" करून दिला. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत की तक्रार सोमवारी गेली आणि मंगळवारी बाईला स्वतःच्याच पेजवर शिरता आलं नाही. दुसरा एक प्रकार त्याहून वाईट. स्टँड-अप इंडियात, म्हणजे ती योजना २०२५ पर्यंत चालू होती तेव्हा, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज मिळायचं, पण कंपनी असेल तर एक्कावन्न टक्के हिस्सा आणि ताबा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीकडं किंवा स्त्रीकडं लागायचा. मग काही जण दलित बाईला कागदावर मालकीण करायचे आणि चेकबुक स्वतःकडं ठेवायचे. तिनं हिशोब मागितला की छळ सुरू. अशा मालकिणीला कर्जाची नोटीस मात्र तिच्याच नावानं येते. तुमच्या कंपनीत असं काही सही करून दिलंय का, ते मला कागद बघून सांगता येईल. सगळे कागद आणा.

घरचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की वडिलांना अजून सांगितलं नाही, ते म्हणतील धंदा बंद कर. कदाचित म्हणतील. ते भीतीनं म्हणतील, तुमच्यावरच्या अविश्वासानं नाही. आधी आईला आणि काकूंना सांगा. दिवसभर तुमच्या शेजारी बसून वेण्या घालणाऱ्या बायकांना तुमचं बदललेलं तोंड दिसलं नसेल असं मला वाटत नाही. वडिलांशी बोलायला हवं असेल तर मी सुभाषनगरात येईन.

गुन्हा नोंदवल्यावर तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, हवालदार नाही. ॲट्रॉसिटीत अटकपूर्व जामिनाला कायद्याची मनाई आहे, तरी समोरचा प्रयत्न करेल. जामिनाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील चालतं, आणि पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. एका दिवसाच्या तारखेसाठी रात्रीची गाडी, वकिलाचा खर्च, बुडालेली मजुरी, आणि पीडितेची बाजू ऐकून घ्यायचा हक्क कायद्यात असूनही ती हजरच राहू शकायची नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे. आता सुनावणी इथं, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि त्या दिवशी तुम्ही समोर बसलेल्या असाल.

शनिवारी दुपारी तीन नंतर मी ऑफिसात आहे. येताना फोन, कर्जाची फाइल, प्रदर्शनाचं बिलबुक आणि मैत्रीण येत असेल तर तिला घेऊन या. तोवर एका वहीत तारखेवार लिहायला बसा, मराठीतच, त्याच्या तोंडचे शब्द त्याच्याच भाषेत, "अगं" आणि "पायताण" यांसकट. शुद्धलेखन मी बघेन.